वुड्सचा मोडका पाय आणि भाचीचा खांदा

साताऱ्यात धनुर्विद्या शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरत असून तो माझ्या बहिणीकडेही पोहोचला आहे. गोल्फ हा ९० टक्के मनाचा खेळ आहे, कणखर मनाचेच खेळाडू कोट्यवधी कमावतात, मोडक्या पायाने जिंकलेला गोल्फपटू टायगर वुड्स हा त्याचा पुरावा आहे, सगळे श्रीमंत खेळाडू डोळे मिटून विजय पाहतात आणि म्हणून मुलांना आमच्या मनोबल शिबिरात घाला, असा त्याचा आशय आहे. तो वाचल्यापासून भाचीने दुखऱ्या खांद्याबद्दल बोलणेच बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी तो मोडका पाय घेऊ. २००८ च्या यूएस ओपन या गोल्फ स्पर्धेत वुड्सच्या डाव्या पायाच्या हाडाला भेगा होत्या, गुडघ्याचा अस्थिबंध निकामी झाला होता आणि तरीही तो जिंकला, हे खरे आहे. पण संदेश सोयीस्करपणे तिथेच थांबतो. त्यानंतर लगेच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, उरलेला संपूर्ण हंगाम त्याला खेळता आले नाही आणि त्या महिन्यांत बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. मन तर तेच होते ना? पुढे २०१४ ते २०१७ या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या आणि शेवटच्या शस्त्रक्रियेत कमरेचे मणके जोडले गेल्यानंतर २०१९ च्या मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेचे विजेतेपद आले. रोज तोच खांदा मागे खेचणाऱ्या शाळकरी मुलीला 'दुखणे मनात असते' असे शिकवताना हा उत्तरार्ध नेमका गाळला जातो, याला विसराळूपणा म्हणत नाहीत.

९० टक्के हा आकडा कोणत्या मापाने काढला, हे संदेशात अर्थातच नाही. प्रत्यक्ष मोजलेले हवे असेल, तर पोप आणि श्वाइट्झर या संशोधकांनी २०११ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. हिरवळीवरून चेंडू खळग्यात ढकलण्याच्या फटक्याला पट म्हणतात. अशा २५ लाखांहून अधिक पटांच्या अभ्यासात असे दिसले की, पार (खळग्यासाठी ठरलेली फटक्यांची संख्या) वाचवण्यासाठी मारलेला पट बर्डीसाठी (पारपेक्षा एक फटका कमी) मारलेल्या तशाच पटापेक्षा अधिक अचूक पडतो, कारण कमावण्याच्या आशेपेक्षा गमावण्याची धास्ती मोठी असते. ही खोड वुड्समध्येही आढळली. म्हणजे कमाईत अग्रभागी असलेल्याचे मनही तुमच्या-आमच्यासारखेच कचरते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. बक्षिसांची उतरंड इतकी तीव्र असते की, मनाच्या एका डळमळीची किंमत प्रचंड होऊ शकते. २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिप या स्पर्धेत पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विजेत्या कॅमेरॉन स्मिथपेक्षा एका फटक्याने मागे राहिला; स्मिथला ३६ लाख डॉलर मिळाले आणि लाहिरीला २१ लाख ८० हजार. पण लाहिरी विपश्यना करणारा आहे, तेव्हा त्याचे मन कच्चे होते असे शिबिरवाल्यांनाही म्हणता येणार नाही.

राहिला 'सगळे श्रीमंत खेळाडू डोळे मिटून विजय पाहतात' हा मुद्दा. बहुतेक गोल्फ स्पर्धांत पहिल्या ३६ होल्सनंतर, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर, जवळपास निम्मे खेळाडू बक्षिसाविना घरी जातात. डोळे तेही मिटतात. फक्त विमानाचे तिकीट आणि कॅडीची (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची) मजुरी त्यांना पदरच्या पैशांतून द्यावी लागते.