मिस्तरी घरचाच आहे, पैसे कुठे पळून जातात?

चोपड्यात पंचवीस वर्षं शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरतोय, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळतोय. एवढ्या वर्षांत पैसे थकवण्याची कला जितकी जवळून पाहिली, तितकी तांब्याची तारही पाहिली नसेल. हल्लीची पोरं मात्र पुण्याला शिकून येतात आणि बिल हातात पडलं की लगेच स्कॅनर कुठे म्हणून विचारतात. चांगल्या घरातली पोरं अशी बिघडताना पाहवत नाही, म्हणून चार सूचना लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे भाव आधी विचारायचा नाही. “मिस्तरीभाऊ, तुम्हाला काय सांगायचं, योग्य ते घ्या” एवढंच म्हणा. योग्य काय ते बिल आल्यावर तुम्ही ठरवायचं.

फोन रात्री अकरानंतर करा. दिवसा केलात तर मिस्तरी विचार करतो.

काम चालू असताना शेजारी खाट टाकून बसा आणि दर दहा मिनिटांनी सांगा की अमळनेरचा एक जण हेच काम अर्ध्या पैशात करतो. तो अमळनेरचा कोण, हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. एकदा भेटला पाहिजे, त्याच्या पाया पडायचंय.

जळालेली तार मात्र परत मागा, आणि वजन करून मागा. बिलाच्या वेळी “आपल्यात कसला हिशेब” म्हणणाऱ्या माणसाला भंगारातल्या तांब्याचा आजचा भाव तोंडपाठ असला पाहिजे.

चहा पाजा. दोनदा पाजा. चहा पाजलेल्या माणसाला पैसे मागताना लाज वाटते.

आता मुख्य गोष्ट, वायद्याची. तारीख कधीही महिन्याची देऊ नका, सणाची द्या. मिस्तरीने कॅलेंडर काढलं तरी तो सण पुढच्या वर्षीचा असू शकतो. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं, म्हणून “आखाजीला देतो” हे वाक्य कानाला फार पक्कं लागतं. आखाजी गेली की केळीची गाडी भरली की. गाडी भरली की व्यापाऱ्याने पैसे दिले की. मग पोळा, मग कापूस घरात आला की, मग दिवाळी, आणि दिवाळीत लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. फोनवर विचारलंच कोणी तर आपल्या अहिराणीत गोड आवाजात म्हणायचं, “सकाय देसू ना भाऊ, पैसा काय पयी जातीन का?” पैसे पळत नाहीत हे खरं आहे. पळतो मी. तारवाला उधार देत नाही, मोटरचे बुश विकणारा देत नाही, आणि माझ्याकडचा पोरगा शनिवारी हात पुढे करतो तेव्हा त्याला पोळा सांगता येत नाही.

व्यापारी तुम्हालाही रडवतो, हे मला कळतं. केळीचा बोर्डावर लिहिलेला भाव एक आणि हातात पडतो भलताच, हे मी दुकानात बसून रोज ऐकतो. पण एक गंमत सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याचा, दोन एकर कोरडवाहूवाला माणूस माझे पैसे कधी ठेवत नाही. तीन हप्त्यांत देतो, पण स्वतः चालत येऊन देतो आणि वहीत खोडायला लावतो. ठेवतो तो बारा एकर ठिबकवाला.

त्या बारा एकरवाल्याचंच सांगतो. चैत्र सरत आला होता. रात्री पावणेबाराला फोन. “मिस्तरीभाऊ, तीन दिवस पाणी नाही, निसवणीची बाग आहे, मरून जाऊ.” (निसवण म्हणजे केळीला घड बाहेर पडायची वेळ.) बोअर 320 फूट. आम्ही तिघं पहाटे पोहोचलो, पाइप ओढायची तिपायी घोडी लावली, चेनपुलीने वीस-वीस फुटी सोळा पाइप एकामागून एक वर काढले. शेवटी साडेसात एचपीची मोटर आली, आणि तिच्याबरोबर तो वास. जळालेल्या वाइंडिंगचा वास ज्याने घेतलाय त्याला मीटर लावावा लागत नाही. तसं कारणही कळलं. थ्री फेजमधला एक फेज गेला, मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली, करंट वाढला, तार भाजली. ही मोटर दुकानात नेली, वेढे मोजले, स्लॉट साफ केले, नवी तार एकेक वेढा हाताने ओढत रात्रभर भरली. बाहेर 44-45 अंशांचे दिवस आणि वर पत्र्याचं शेड. बोटांना पडलेले चरे अजून आहेत. बुश बदलले, नवीन सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला आणि तिसऱ्या दिवशी बागेत पाणी. बिल 7,800. साहेबांनी पाणी पाहिलं, डोळे ओले केले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मिस्तरी, आखाजीला घरी या, मांडे खाऊन जा, पैसेही घेऊन जा.”

आखाजीला गेलो. मांडे मिळाले.

मग पोरीचं लग्न. मंडपवाल्याला आगाऊ, आचाऱ्याला आगाऊ, डीजेवाल्याला तर हळदीच्या आधीच सगळे रोख, कारण डीजेवाला गाडीतून पेटी उतरवत नाही. मी पत्रिका हातात धरून पंगतीत बसलो आणि मनात हिशेब केला की आज माझ्यापेक्षा डीजेचा भोंगा जास्त इज्जतदार आहे. लग्नात पैसे कोण मागतं? म्हणून नाही मागितले.

आणि गेल्या आठवड्यात पुन्हा फोन. पैशांचा असेल म्हणून मी वहीच उघडून बसलो. तर साहेब म्हणाले, “मोटर आवाज करते, वॉरंटीत आहे ना? येऊन बघून जा.”

वॉरंटी! एक रुपया दिलेला नाही आणि वॉरंटी!

तरी गेलो. (याला मूर्खपणा म्हणतात, माझ्या घरीही हाच शब्द वापरतात.) स्टार्टरची पेटी उघडली. आत एक वाळलेली पाल, आणि मी बसवलेल्या प्रिव्हेंटरला बगल देऊन लाल वायरचा वीतभर तुकडा आरपार जोडलेला. डायरेक्ट. म्हणे तो प्रिव्हेंटर सारखा बंद पाडत होता. अहो, तो त्यासाठीच असतो! फेज गेला की मोटर बंद पडावी, जळू नये, म्हणून तो लावतात. पण लाइट आठ तास, त्यात दहा वेळा झटके, आणि रात्री उठून पेटीपर्यंत चालायचा कंटाळा. मी लाल वायर काढून त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, “एवढं काम झालंच आहे तर विहिरीवरचीही बघून घ्या.”

तेव्हा मीच थोडी चौकशी केली. माझी उद्यम नोंदणी आहे, दाखला लॅमिनेशन करून गल्ल्याच्या वर टांगलाय, चार वर्षं त्याच्यावर फक्त धूळ बसते. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात लिहिलंय की आमच्यासारख्या नोंदणीवाल्याचे पैसे द्यायला लेखी कराराने ठरवलं तरी जास्तीत जास्त 45 दिवस, काहीच ठरलं नसेल तर 15. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामहिन्याला चक्रवाढ. वाचून छाती फुगली. मग आठवलं की ज्याच्या पोरीच्या हळदीला जेवून आलो, त्याला नोटीस पाठवायला गावात कोण माझ्यासोबत उभं राहील. वकिलाने आणखी एक सांगितलं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 170. ज्या वस्तूवर कारागिराने कसब लावलं, ती तो मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवू शकतो. म्हणजे इंग्रजांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. फक्त एकदा वस्तू हातातून सोडली की हक्क गेला. मी सोडली होती. बाग जळत होती म्हणून सोडली होती.

आता सूचना वगैरे बास. भाऊ, तुम्हाला लाज वाटत नाही का? चारचाकीचा हप्ता एक दिवस चुकवत नाही, कारण तिथे गाडी ओढून नेतात. डीजेला रोख देता, कारण तो वाजवत नाही. माझे ठेवता, कारण मी वाजवतो. रात्री पावणेबाराला उठून येतो, तुमच्या आईला आई म्हणतो, म्हणून ठेवता. त्याला घरचा माणूस म्हणता? घरच्या माणसाचे पैसे बुडवतात का? माझ्या पोराची फी भरायची होती, मी बायकोची पोत सराफाकडे ठेवली. तुमच्या 7,800 पायी. हे तुम्हाला मांडे वाढताना सांगायला हवं होतं, चुकलंच माझं.

मोटर परवा पुन्हा जळाली. लाल वायर पुन्हा जोडली होती, वेगळं काय होणार. तुमच्याच पोराने टेम्पोतून आणून दुकानाच्या दारात टाकली आहे. मी तिला हात लावलेला नाही, पानाही लावलेला नाही. अडवलेली नाही, कलम 170 चा विषय नाही, टेम्पो आणा आणि घेऊन जा, अमळनेरचा तो आहेच. माझ्याकडून भरून हवी असेल तर आधीचे 7,800 टेबलावर, मग नव्या कामाचे निम्मे, मग पाना. आणि फोन सकाळी नऊनंतर करा.