बोअरचं पाणी, थर्मोस्टॅट आणि कूलंट: औशाच्या एका वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा एकदा वाचली. घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव) कधी आणि कसं बदलायचं, या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. पहिला, आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पाणी गोठू नये म्हणून बनवलेलं हे रंगीत पाणी मराठवाड्यात कशाला? वडिलांची जीप वीस वर्षं विहिरीच्या पाण्यावर चालली. दुसरा, तुमची आताची गाडी गरम व्हायला लागली तेव्हा मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, बोअरचं पाणी भरून दिलं आणि दोन उन्हाळे निघाले. तिसरा, मी सरसकट 'दोन वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर' लिहिलं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात पाच वर्षं छापलंय, म्हणजे मी दुकानदारांची तळी उचलतोय. आणि चौथा, जो मला खरंच लागला: "ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या लोकांना तुम्ही दहा लिटर शुद्ध पाणी गाडीत घालून ओतून द्यायला सांगता."

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. दोन वर्षांचा हिशोब जुन्या पद्धतीच्या कूलंटचा. त्यात गंज रोखणारी द्रव्यं सिलिकेट-फॉस्फेटची असतात आणि ती लवकर खर्ची पडतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं कूलंट साधारण पाच वर्षं काम देतं, काही गाड्यांत त्याहून जास्तही. त्यामुळे तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच खरं. फक्त रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे जुनं आणि लाल म्हणजे नवं, असा कुठलाही नियम नाही. जो तो आपल्याला हवा तो रंग घालतो. डब्यावर कुठला प्रकार लिहिलाय ते बघायचं आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आता जीप. वडिलांची जीप पाण्यावर चालली, हे मी शंभर टक्के मानतो. आमच्या आजोळीही एक होती. पण त्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य धड, बिडाचा, त्यावर बसणारं हेड बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाण्याच्या वाटा ऐसपैस, धातू जाड, इंजिनावर ताण कमी. वीस वर्षं गंज खात गेला तरी खायला लोखंड शिल्लक होतं. आजच्या गाडीत हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटरच्या नळ्याही अ‍ॅल्युमिनियमच्या आणि पत्र्यासारख्या पातळ. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. क्षाराच्या पाण्यात हे आणखी वेगाने होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे कूलंट पाणी गोठू नये म्हणून नकोच आहे. ते हवंय ते आपल्या पाण्यासाठी. बर्फाच्या प्रदेशातल्या माणसाला ते थंडीमुळे लागतं, आपल्याला बोअरमुळे.

या चार आक्षेपांखेरीज तुम्ही मांडलेला एक मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तो फार थोडे लोक मांडतात. उष्णता ओढून न्यायला निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरस असतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी घेतलं, तर तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा ते साधारण 15 टक्के कमी उष्णता वाहून नेतं. काही जण 'भारी असेल तेवढं बरं' म्हणून पाणी न मिसळता नुसतं घट्ट कूलंट ओततात, तेही म्हणूनच चूक आहे. पण पाणी 100 अंशांना उकळतं आणि निम्म्या-निम्म्याचं मिश्रण 107 अंशांच्या आसपास. वर झाकणाने कोंडलेला दाब असतो. त्या एक बार दाबाखाली साधं पाणीही 120 अंशांपर्यंत तग धरतं आणि मिश्रण त्याच्याही पुढे जातं. मे महिन्यात बाहेर 43 अंश, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि समोर घाट असेल तेव्हा ही वरची फट कामाला येते.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात बीडहून अंबाजोगाईला परत येत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात निम्म्या चढाला लाल दिवा लागला. माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटा नव्हता, नुसता दिवा होता, त्यामुळे तो लागेपर्यंत उशीर झालेला. महिनाभर आधी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, तिथे कूलंटचे पैसे घेऊन नळाचं पाणी भरलेलं निघालं. त्याआधीचा दोष माझा. रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी कमी दिसलं की मी घरच्या बोअरचंच ओतायचो, चांगली तीन वर्षं.

हेड आणि ब्लॉकच्या मधलं हेड गॅसकेट गेलं. हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, लेथवर नेलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. हेडमधून पाणी जायला करंगळी जाईल एवढी भोकं असतात, ती आतून इतकी बुजली होती की काडेपेटीची काडी कशीबशी जावी. मिस्त्रीने पेचकसाने खरवडलं तर चुन्याच्या भिंतीचे पडतात तसे पांढरट-पिवळे पापुद्रे पडले. दोन-तीन त्याने माझ्या तळहातावर ठेवले आणि सरबतवाल्याकडून आणलेलं अर्धं लिंबू वर पिळलं. ते फसफसलं. तो म्हणाला, "बंबात साचतो तोच हा. तुम्ही इंजिनाचा बंब केलाय." एवढ्या वर्षांत मला इतकं नेमकं कुणी समजावलं नव्हतं.

कारण साधं आहे. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते विरघळलेले राहत नाहीत, जिथे सर्वांत जास्त तापतं तिथेच थर धरतात. इंजिनात ती जागा म्हणजे हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती. म्हणजे जिथून उष्णता सर्वांत आधी बाहेर निघायला हवी, तिथेच चुन्याची गोधडी पांघरली जाते. एकदाच भरलेल्या पाण्यात क्षार मोजकेच असतात. पण वाफ होऊन पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आपण पुन्हा लिटरभर ओततो आणि पुन्हा नवे क्षार आत जातात.

तुमचे दोन उन्हाळे का निघाले, याचं उत्तर थर्मोस्टॅटमध्ये आहे. हा व्हॉल्व्ह साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं आणि इंजिन लवकर तापतं. तो क्षाराने जाम झाला की गाडी गरम होते, काढून टाकला की होत नाही. मिस्त्रीचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन सकाळच्या गारव्यात हवं तेवढं तापतच नाही. पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंदही करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच फिरतं. हे ऐन घाटात कळतं. नवा व्हॉल्व्ह हेडच्या कामाच्या मानाने फारच स्वस्तात येतो. घेताना त्याच्यावर कोरलेला अंशांचा आकडा जुन्याशी जुळवून घ्या.

आता दहा लिटर पाण्याचं. मी टँकरच्या रांगेत कळशा लावलेल्या आहेत, त्यामुळे हा आक्षेप मला कळतो. लेखात मी एक गोष्ट सांगायची राहिलो. ज्या गाडीत पहिल्यापासून योग्य कूलंट आहे आणि ते वेळेवर बदललं जातं, तिला धुवायची गरजच नसते. जुनं सोडायचं, त्याच प्रकारचं नवं भरायचं, संपलं. दहा लिटर लागतात ते बोअरचं पाणी प्यायलेल्या गाडीला, म्हणजे सध्या तुमच्या गाडीला. आणि तेही पिण्याचं पाणी नव्हे. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्यायचं. जारचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण ते वाटेत अडचण आली तर गावी पोहोचण्यापुरतं.

काम करायचं ते रात्रभर उभी राहिलेली, गार गाडी घेऊन. गरम इंजिनाचं झाकण फडकं धरूनही फिरवू नका. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरच्या तळाचा नळ सोडायचा, तो नसेल तर खालच्या होज पाईपची क्लिप. निम्मंच बाहेर पडेल, उरलेलं ब्लॉकमध्ये राहतं. डिस्टिल्ड पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

मग एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये चुकते. ब्लॉकमध्ये आता दोन-तीन लिटर साधं पाणी उरलंय. वरून तयार मिश्रण भरलं तर ते पातळ होतं. म्हणून धुतलेल्या गाडीला घट्ट कूलंट आणायचं. पुस्तकात एकूण क्षमता बघायची, लहान गाड्यांत ती चार ते सहा लिटर असते. तिच्या निम्मं घट्ट कूलंट आधी घालायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. पुस्तकात प्रमाण वेगळं दिलं असेल तर ते पाळा. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्या, मग झाकण लावा. पुढच्या दोन-तीन सकाळी बाटलीतली पातळी बघा. नंतरही ती उतरत राहिली तर भरत बसू नका, गळती शोधा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर गाडी तिथेच उभी करा.

निघालेलं पाणी मोरीत नको, बांधावर नको, गोठ्याजवळ तर अजिबात नको. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, वासरू चाटतं आणि त्याची किडनी जाते. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला वेगळं म्हणून द्या, ऑइलच्या पिंपात ओतू नका.

तुम्ही ट्रॅक्टरचंही विचारलंय. अनेक ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनात लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बाहेरून थेट पाणी लागतं. लायनर थरथरतो तसे त्याच्या अंगाशी सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या माराने बिडालाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात, शेवटी आरपार. चांगल्या कूलंटमधली द्रव्यं लायनरवर पातळ कवच धरतात आणि हा मार झेलतात. यावर वेगळं लिहीन, विषय मोठा आहे.

तुमच्या गाडीचं काम कराल तेव्हा पहिल्यांदा निघणारं पाणी पांढऱ्या बादलीत धरा आणि फोटो पाठवा. तांबूस आहे की पांढरट, तळाला काय बसलंय, त्यावरून रेडिएटर वाचेल की नाही याचा अंदाज सांगता येईल. लेखातला 'दोन वर्षं' वाला परिच्छेद आज बदललाय आणि औशाच्या एका वाचकाने चूक दाखवली, असं तिथे लिहिलंय.