समुद्र गेला खड्ड्यात, मला जळगावातच राहू द्या

एप्रिल संपत आला की सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू. "दाजी, यंदा दापोली फिक्स ना?" मी काही टाईप करायच्या आत दुसरा, "दाजींना काय विचारता, ते तर समुद्रावरचेच, त्यांना तर लय मजा येईल." अरे कोणी सांगितलं मजा येते म्हणून? मी दापोलीच्या किनाऱ्यावरच्या हर्णैजवळ वाढलो, बारावीपर्यंत तिथंच होतो, आणि मला बीच आवडत नाही. नाही आवडत म्हणजे नाही आवडत! हे बोललं की लोक असं बघतात जसं काय मी वांग्याच्या भरताला नावं ठेवली. तुम्ही रावेरचे लोक रोज संध्याकाळी केळीच्या बागेत हात पसरून फोटो काढता का? मग मीच का?

आणि समुद्राजवळ राहणं म्हणजे काय ते जरा ऐका. खाऱ्या वाऱ्याने गेटच्या बिजागऱ्या गंजतात, बाबांच्या स्कूटरचं मडगार्ड गंजून भोक पडलेलं, माचिस सादळते, पापड सादळतात, पावसाळ्यात गोधडीला कायम ओलसर वास. त्याच पावसाळ्यात पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, डांबराचे काळे गोळे येऊन पडतात, ते पायाला चिकटले की रॉकेल नाहीतर खोबरेल चोळत बसा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, एकेक माड उभा राहायला किती वर्षं लागतात माहितीये? तर इकडून एका महाशयांचा मेसेज, "लाटांचा व्हिडिओ पाठवा ना." तिकडे लाईट नाही, नेटवर्क नाही, घरच्यांशी बोलणं होत नाही म्हणून माझा जीव टांगणीला आणि याला लाटा पाहिजेत.

गरमीचं तर बोलूच नका. जळगावात पारा 45 ला जातो, शिव्या मीही घालतो, पण इथं घाम सुकतो हो! दोरीवर चादर टाकली की थोड्या वेळात पापडासारखी कडक. तिकडे 33-34 असलं तरी हवेतच इतकं पाणी की घाम जाणार कुठे, दिवसभर चिकचिक चिकचिक, आंघोळ करून बाहेर आलात की परत आंघोळीची वेळ.

पण सगळ्यात डोकं फिरतं ते गाडीपायी. दरवेळी कोणीतरी शहाणा थेट पाण्याजवळ गाडी घालणार, का तर रील पाहिजे. मी ओरडून सांगतो की भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, मागच्या वेळी चारला पाणी लांब होतं म्हणून आज चारला लांब असेल असं नसतं. ऐकतो कोण! मग चाकं रुतली, पाणी आलं, की मीच गावात ट्रॅक्टर शोधत पळायचं, कारण "दाजींच्या ओळखीचे असतील ना." आणि ट्रॅक्टरवाला मलाच झापणार, इथला असून तुला कळत नाही का रे. वाळू तर दिवाळीपर्यंत सीटच्या फटीतून निघते, ती काढायची पण मीच.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जायचं आणि नाकाला रुमाल लावून उभं राहायचं, मग आलात कशाला? आमच्याकडे लोकांचं पोट त्यावर चालतं. त्या समुद्राशी माझं काही भांडण नाही, भांडण या पिकनिकशी आहे.

यंदा मी म्हटलं तोरणमाळला जाऊ, सातपुड्यात, आपल्या खान्देशातच आहे, तलाव आहे, हवा थंड आहे. तर उत्तर काय, "तिथं काय आहे?" अरे, तिथं वाळू नाही हेच तर आहे!! पण नाही, ग्रुपवर आता सगळ्यांनी एकसारखे पांढरे शर्ट घ्यायचं ठरतंय, आणि ड्रायव्हर म्हणून माझं नाव न विचारता टाकलंय.