रुळावर काम केलेल्याची बाजू

खाजगीकरणाने ब्रिटनची रेल्वे सुधारली, प्रवासी दुपटीहून जास्त झाले, असं एका लेखात म्हटलंय. प्रवासी वाढले हे खरं. पण मी ब्रिटिश रेलमध्ये, म्हणजे खाजगीकरणाआधीच्या सरकारी रेल्वेत, रूळ-देखभालीच्या गँगमध्ये होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्या गँगला आपला पट्टा पाठ असायचा. पावसात खडी कुठे खचते, कोणत्या वळणावर रूळ लवकर झिजतो, हे पायी फिरूनच कळतं. १९९३ च्या कायद्यानंतर रूळ एका कंपनीकडे, गाड्या चालवणं दुसऱ्यांकडे, डबे भाड्याने देणं तिसऱ्यांकडे आणि देखभाल कंत्राटदारांकडे गेली. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डजवळ तडे गेलेला रूळ फुटून गाडी घसरली आणि चार माणसं गेली. तो रूळ खराब असल्याचं आधीच माहीत होतं, बदलायचे रूळ आणून ठेवलेले होते! ते आठवलं की आजही जीव तुटतो. वर्षभरात रूळ ज्यांच्याकडे होते ती रेलट्रॅक कंपनी बुडाली आणि २००२ मध्ये रूळ नफा न वाटणाऱ्या नेटवर्क रेल कंपनीकडे आले.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र नाही. डब्यांतल्या शौचालयांची घाण थेट रुळांवर पडायची, आणि तिथेच वाकून आम्ही काम करायचो. आता टाक्या बसल्या, ते फार बरं झालं. १९७६ ची इंटरसिटी १२५ ही वेगवान गाडी मात्र आजच्या कुठल्याही गाडीहून मला सरस वाटते. आसनं ऐसपैस आणि खिडकीही मोठी.

मे २०२५ पासून गाड्या चालवणारी साउथ वेस्टर्न रेल्वे ही कंपनी सरकारी झाली आहे, बाकीच्याही होताहेत. तिकिटं स्वस्त करा, पण पट्टा ओळखणाऱ्या कायमस्वरूपी गँगा आधी भरा.