एसीत बसून बडबड? एका फॉरवर्डचा समाचार

आयपीएल सुरू झाली की दरवर्षी एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा आला, त्यातला एकदा खुद्द दाजींकडून. म्हणणं थोडक्यात असं: समालोचन ही जगातली सगळ्यात सोपी नोकरी. एसीत बसायचं, फुकट मॅच बघायची आणि पडद्यावर सगळ्यांना दिसतं तेच बोलायचं. जो स्वतः कधी मोठं क्रिकेट खेळला नाही त्याला तर बोलायचा हक्कच नाही. माजी खेळाडूंची मात्र मरेपर्यंत सोय. मराठी समालोचन म्हणजे हिंदीचं भाषांतर आणि पाचकळ विनोद. आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून उपदेश, की टीव्ही म्यूट करा, काही बिघडत नाही.

दाजींना ग्रुपवर उलट उत्तर दिलं तर ते ताईला निस्तरावं लागतं. म्हणून इथे लिहितो.

‘दिसतं तेच बोलायचं’ यापासून सुरुवात करू. समालोचन जन्मलं तेव्हा पडदाच नव्हता. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये कसोटी खेळत होता आणि सिडनीच्या स्टुडिओत काही माणसं त्या कसोटीचं समालोचन करत होती. त्यांच्यापुढे फक्त तारा. इंग्लंडहून त्रोटक सांकेतिक तार यायची, ती उलगडायची आणि तिच्यातून बोलणाऱ्याने एकेक चेंडू उभा करायचा. बॅटचा आवाज हवा म्हणून पेन्सिलीने लाकडावर टकटक करायची, टाळ्या रेकॉर्डवरच्या. पुढची तार रखडली तर वेळ काढत बोलत राहायचं. ॲलन मॅकगिल्व्हरे हे पुढे गाजलेले समालोचक त्या टोळीतले.

आपल्याकडे त्याच दशकात मुंबईच्या चौरंगी-पंचरंगी (म्हणजे धर्मवार संघांच्या) सामन्यांचं वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान करत. बॉबी तल्यारखान. हे गृहस्थ दिवसभर एकटे बोलायचे, माइक दुसऱ्याला द्यायचे नाहीत. आकाशवाणीने एकापेक्षा जास्त समालोचक बसवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी कामच सोडलं. हट्टीपणा झाला खरा, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका गळ्यावर सामना पेलून दाखवा, मग हसू.

मी स्वतः एकदा हा उद्योग केलाय. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत नेहमीचा निवेदक आला नाही आणि ‘तू कॉलेजात भाषणं करायचास ना’ म्हणून माइक माझ्या हातात कोंबला. सहा-सहा षटकांचे सामने. पहिल्या दोन षटकांत मी एवढा रंगात आलो, की धावफलक सांगायचंच विसरलो. झाडाखाली बसलेले एक म्हातारबाबा ओरडले, ‘आरं, झाल्या किती ते सांग की!’ त्यात एका संघात तीन पाटील. कुठल्या पाटलाने चौकार मारला आणि कुठला पाटील बाद झाला हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही. तिसऱ्या सामन्याला माझ्याकडून माइक काढून घेतला, आणि योग्यच केलं.

बेसबॉलचे अमेरिकन समालोचक रेड बार्बर टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. त्या म्हातारबाबांचा प्रश्न बार्बरना आधीच ठाऊक होता.

टीव्हीवर काम उलटं होतं. चित्र समोर आहे, म्हणजे ‘चेंडू सीमारेषेकडे चाललाय’ हे सांगणारा आता नकोच. सांगायचं ते चित्रात नसलेलं, नाहीतर तोंड बंद. कानात निर्मात्याचा आवाज चालू असतो, की रिप्ले येतोय, जाहिरातीला इतके सेकंद उरलेत. शेजारून आकडेवाला चिठ्ठी सरकवतो, आणि तेवढ्यात गोलंदाज धावत निघालेला असतो. या गोंधळात दोन वाक्यं नेमकी टाकून वेळेत थांबायचं. रिची बेनॉ हे या थांबण्याचे उस्ताद. ६३ कसोटी खेळलेला, ऑस्ट्रेलियाचं कर्णधारपद भूषवलेला हा लेगस्पिनर. त्याला कुणीही नुसत्या नावावर खुर्ची दिली असती. पण १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर बाकीचे पांगले आणि बेनॉ मागे राहून बीबीसीकडे टीव्हीचं प्रशिक्षण घेत बसले. तेव्हा ते अजून कर्णधारही झाले नव्हते. सिडनीत वर्तमानपत्रासाठी पोलिसांच्या बातम्या गोळा करायचं कामही त्यांनी केलं. चित्रात भर घालता येत असेल तरच बोला, हा त्यांचा दंडक.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर दाजींनी अंगठा उमटवलाय: जो खेळला नाही, त्याने बोलू नये.

हे ऐकायला रास्त वाटतं, म्हणूनच जास्त फसवं आहे. समालोचनाच्या खोलीत दोन वेगळ्या खुर्च्या असतात. एक सांगतो ‘काय झालं’, दुसरा सांगतो ‘का झालं’. दुसऱ्या खुर्चीत खेळाडू हवा, याबद्दल वादच नाही. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने आलेला चेंडू आणि दीडशेने आलेला यात मनगटाचं काय होतं, हे गावसकरांनीच सांगावं. पहिल्या खुर्चीचं काम मात्र भाषेचं आहे, नजरेचं आहे आणि योग्य प्रश्न विचारण्याचं आहे.

त्या पहिल्या खुर्चीत कोण कोण बसलं ते बघा. जॉन आर्लट हे पोलिस खात्यातून बीबीसीत आले आणि कविता करायचे. डॉ. नरोत्तम पुरी कान-नाक-घशाचे डॉक्टर. रवि चतुर्वेदी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. सुशील दोशी इंजिनिअर, आणि आज इंदूरच्या होळकर स्टेडियमवर समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. जसदेव सिंग यांना तर मुळात खेळाने नव्हे, आकाशवाणीचे निवेदक मेलव्हिल डिमेलो यांनी केलेल्या गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या वर्णनाने या वाटेला लावलं. १९७५ च्या क्वालालंपूरच्या हॉकी विश्वचषकाची आठवण काढणारी पिढी अजित पाल सिंगांच्या विश्वविजेत्या भारतीय संघाबरोबर जसदेव सिंगांचा आवाजही आठवते. त्या काळी किती घरांत टीव्ही होता?

हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातले, केमिकल इंजिनिअर, पुढे आयआयएम अहमदाबाद. एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवर बोलायला लागले. ते अगदी बॅटच न धरलेले नाहीत, उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेत. पण कसोटीपटू नाहीत, आणि हेच त्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये थेट प्रक्षेपणात ऐकावं लागलं. कोलकात्यातली भारताची पहिली दिवस-रात्र कसोटी, गुलाबी चेंडू, बांगलादेशच्या फलंदाजांच्या हेल्मेटवर चेंडू आदळत होते. चेंडू नीट दिसतोय का हे खेळाडूंना विचारायला हवं, असं भोगल्यांचं म्हणणं. त्यावर शेजारी बसलेले माजी कसोटीपटू संजय मांजरेकर म्हणाले, की ते तुम्हाला विचारावं लागतं, आम्ही खेळलेल्यांना कळतं. नंतर मांजरेकरांनीच ती आपली चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं, हे त्यांच्या खात्यावर जमा. पण मला भोगल्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याला उत्तर आधीच ‘माहीत’ असतं तो विचारत नाही, आणि मग घरी बसलेल्या माझ्यासारख्याच्या मनातला प्रश्न कुणीच विचारत नाही.

उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर विजयनगरमचे महाराजकुमार, विझी. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचे कर्णधार. पुढे रेडिओवर समालोचनही केलं, आणि ते कंटाळवाणं म्हणूनच लक्षात राहिलं. (कर्णधारपद कसं मिळालं होतं तो विषय वेगळा.)

‘मरेपर्यंत सोय’ हे तर दाजींसारख्या पेन्शनीत निघालेल्या माणसाने म्हणूच नये. बहुतेकांचं काम करारावर चालतं, मालिका संपली की पुढची मिळेलच याची खात्री नाही. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर भोगल्यांना वगळलं गेलं. २०२० च्या मार्चमध्ये मांजरेकरांना भारतीय क्रिकेट मंडळाने समालोचकांच्या पॅनेलवरून काढलं. ऑस्ट्रेलियाचा माजी फलंदाज डीन जोन्स याचं काम तर एका वाक्यावर गेलं. २००६ साली कोलंबोत दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाबद्दल तो अतिशय घाणेरडं बोलला. माइक बंद आहे असं त्याला वाटलं होतं, तो चालू होता. नोकरी गेली, जायलाच हवी होती. पण असा धंदा ‘सोपा’ कसा? हाच जोन्स पुढे परतला आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत वारला. आयपीएलचे सामने यूएईत चालले होते, तो इथे बायोबबलमध्ये, म्हणजे कोविडमुळे बाहेरच्यांपासून तोडलेल्या मुक्कामात, राहून समालोचन करत होता.

इथे फॉरवर्डने एक खरा मुद्दा हुकवलाय, तो मी दाजींना भेट देतो. समालोचकांची खरी लाज आरामात नाही, गप्प बसण्यात आहे, आणि हे बेनॉचं गप्प बसणं नव्हे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांना भारतातल्या मालिकेसाठी विचारणा झाली. संघनिवड, डीआरएस (पंचांचा निर्णय रिप्लेवर तपासायची पद्धत), मंडळाचा कारभार यावर बोलायचं नाही, असं कळल्यावर त्यांनी नकार दिला. बाकीचे बहुतेक जण ‘हो’ म्हणाले. यावर फॉरवर्ड काढा, मी स्वतः पुढे पाठवीन.

राहिलं मराठी. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर बारा भाषांत समालोचन होतं, त्यात मराठी. तिथे ‘शानदार फटका मारला गेला आहे’ छापाची वाक्यं ऐकून मीही दात-ओठ खाल्लेत. ते मान्य. पण त्याच मराठी चमूत क्रिकेटपटू केदार जाधव बोलत होता आणि स्पर्धेच्या मध्येच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. मराठी समालोचनातून थेट मैदानात! ‘फालतू लोक बसवतात’ म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं?

आणि ‘भाषांतर’ म्हणाल तर जरा आपले शब्द ऐका. त्रिफळाचीत. यष्टिचीत. धावचीत. पायचीत. हे ‘चीत’ कुठून आलं? तांबड्या मातीतून. पाठ टेकवली की पैलवान चीत. विलायती खेळाला मराठीने आखाड्यातला शब्द जोडला आणि आता ते कुणाला आठवतही नाही. बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून ही भाषा घराघरांत रुळवली. टीव्ही नसलेल्या घरातल्या आजीलासुद्धा ‘निर्धाव षटक’ कळायचं ते त्यामुळे.

तांबड्या मातीचं निघालंच आहे तर, हा धंदा अस्सल बघायचा असेल तर टीव्ही सोडा आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या जत्रेतल्या कुस्ती मैदानात जा. कोथळीचे शंकर पुजारी हे तिथलं मोठं नाव. हलगी कडाडत असते, आणि निवेदक एका दमात पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सांगून टाकतो. तालीम गंगावेसची की मोतीबागेची, डाव कुठला, पट काढतोय की ढाक लावतोय, घिस्सा बसला की हुकला. हातात लिहिलेलं काही नसतं. मागच्या रांगांना पुढच्यांचे फेटे आणि टोप्याच दिसतात, तरी डाव पडला की मागूनही पुढच्यांबरोबरच आरोळी उठते.

म्यूटचं म्हणाल तर १९२७ मध्ये बीबीसीने ट्विकनहॅमहून रग्बीच्या सामन्याचं पहिलं थेट वर्णन केलं, तेव्हा निर्मात्याने समालोचक वेकलमसमोर एक अंध माणूस आणून बसवला होता. त्याला सामना सांगतोय असं समजून बोला, एवढीच सूचना.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. दाजींनी तत्त्वाला जागून टीव्ही खरंच म्यूट केला होता. ताई आत पुऱ्या तळत होती. बाहेर टाळ्या नाहीत की आरडाओरडा नाही, पण दाजी सोफ्यावरून ताडकन उठलेले तिला दिसले. ‘अहो, काय झालं? कोण गेलं?’

‘तो... आपला... डावखुरा. अगं, मागे तो आपटला होता ना, तो. कॅच. नाही, थांब, बघतायत अजून.’

‘पण झाल्या किती?’

दाजी रिमोट शोधायला लागले.