गामाने कालिकतला कुणालाही सोडवलं नाही

वास्को द गामाबद्दलचा तो फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. आता माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. त्यातले दावे असे: गामाची स्वतःची डायरी लिस्बनच्या संग्रहालयात आहे, गामाच्या जहाजापेक्षा तिप्पट मोठं जहाज असलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याने त्याला आपल्या मागोमाग भारतात आणलं, आणि गामाने कालिकतच्या हिंदू राजाला मुसलमान व्यापाऱ्यांच्या जाचातून सोडवलं.

गामाच्या हातची डायरी उपलब्धच नाही. ताफ्यातल्या एका माणसाने लिहिलेला वृत्तांत आहे, त्याचं हस्तलिखित पोर्तोच्या ग्रंथालयात आहे आणि इंग्रजी अनुवाद कुणालाही वाचता येतो. तिप्पट जहाज त्यात कुठेही नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला, एवढंच आहे. तो गुजरातचा होता असं पुढे बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिलं, तेवढं मान्य करू. पण बारोस त्याला मुसलमान म्हणतो, ते फॉरवर्डमधून गळलंय.

आता तो ‘जाच’. १४९८ साली गामाने किनाऱ्यावर धाडलेल्या पहिल्या माणसाला ट्युनिसचे, स्पॅनिश बोलणारे दोन मुसलमान भेटले, इतकं ते बंदर जगाशी जोडलेलं होतं. झामोरिनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, काढलेला नजराणा म्हणजे पट्टेरी कापड, टोप्या, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल, मध. तो बघून राजाची माणसं हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, म्हणाली. हा सगळा मजकूर त्याच वृत्तांतात आहे.

१५०२ मध्ये गामा परत आला. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्याने लुटलं आणि माणसांसकट जाळलं. बायका अंगावरचे दागिने दाखवत, लेकरं वर उचलून धरत जीवदान मागत होत्या. हे लिहिणारा तोमे लोपिश पोर्तुगीज ताफ्यातलाच. मग कालिकतपुढे येऊन गामाने मागणी केली: मुसलमानांना हाकलून द्या. झामोरिनने साफ नकार दिला. तेव्हा गामाने पकडलेल्या लोकांना फाशी दिली आणि शहरावर तोफा डागल्या. याला सुटका म्हणणं मला संतापजनक वाटतं.

त्यानंतर अनेक दशकं झामोरिनच्या बाजूने समुद्रावर लढले ते कुंजाली मरक्कार ही पदवी लावणारे त्याचे आरमारप्रमुख, तेही मुसलमानच. शेवटच्या कुंजालीविरुद्ध झामोरिन पोर्तुगीजांना मिळाला आणि १६०० मध्ये गोव्यात त्या कुंजालीचा शिरच्छेद झाला, हे खरं आहे. पण ते भांडण शंभर वर्षांनंतरचं. त्याच्या जोरावर गामाला तारणहार ठरवता येत नाही.