बारा जण, चौदा दिवस

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने गूगल प्लेवर वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडलं, त्याच्या नशिबी माणसं जमवणं आलं. आधी वीस लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये बारावर आली. आठ माफ झाली, हीच काय ती सवलत. ही बारा माणसं 'क्लोज्ड टेस्टिंग'मध्ये, म्हणजे फक्त निवडलेल्या लोकांपुरत्या चाचणीत, सलग १४ दिवस टिकली, तरच ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. पण त्याला डन्स नंबर, म्हणजे संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक, लागतो, आणि सोसायटीच्या टँकरची नोंद ठेवणारं ॲप करणाऱ्याकडे तो कुठून असणार!

खात्याचे २५ डॉलर भरले की आपण डेव्हलपर झालो असं वाटतं. माझ्या मते आपण गणपतीची वर्गणी मागणारे कार्यकर्ते झालेलो असतो, फक्त हातात पावतीपुस्तक नसतं. "टाकतो रे, संध्याकाळी आठवण कर," हे उत्तर दोन्हीकडे तेच.

पहिली फसगत ट्रॅकची, म्हणजे चाचणीच्या प्रकाराची. इंटर्नल टेस्टिंग नावाच्या ट्रॅकमध्ये शंभर जण घालता येतात आणि बिल्ड (ॲपची तयार फाइल) झटपट पोचतं, म्हणून नवखा तिथेच मांडी ठोकतो. ते दिवस धरले जात नाहीत. क्लोज्ड ट्रॅकवर देशांच्या यादीत भारत निवडायचा विसरू नये, आणि पहिलं रिलीज तपासणीतून बाहेर पडेपर्यंत लिंक वाटू नये. लोक एकदाच उघडून बघतात. नाही चालली की "त्याचं ॲप बंद आहे" ही बातमी पार्किंगपर्यंत पोचते.

मग ईमेल. खरं रामायण इथे आहे. टेस्टरांच्या यादीत तोच पत्ता हवा ज्यावर त्या माणसाच्या फोनमधलं प्ले स्टोअर चालतं. काका देतात ऑफिसचा पत्ता, जो त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला. फोनमधलं खातं मुलाने उघडून दिलेलं, पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. म्हणून पत्ता विचारूच नये. प्ले स्टोअर उघडायला लावावं, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवायला सांगावं आणि नावाखाली दिसेल त्याचा फोटो मागवावा. गूगल ग्रुपनेही काम होतं, पण त्यात आधी ग्रुपात शिरायचं, मग टेस्टर व्हायचं. साठीपुढच्या मंडळींत प्रत्येक जादा पायरीला एक माणूस गळतो. थेट यादीच बरी.

नाव यादीत घातलं म्हणजे माणूस मोजला गेला असं नाही. त्याने लिंक उघडून टेस्टर होण्याचं बटण स्वतः दाबायला हवं, मग डाउनलोड. ब्राउझरमध्ये दुसरंच खातं चालू असेल तर तिथे नकारच दिसतो. आयफोनवाले या सगळ्यात फक्त सल्ले देतात.

बारा म्हणजे नेमके बारा घेऊ नयेत, सोळा घ्यावेत. कुणीतरी दहाव्या दिवशी 'नको ती कटकट' म्हणून चाचणीतून बाहेर पडतोच. परत आला तरी त्याचे आधीचे दिवस जोडून मिळत नाहीत, सलगच हवेत. मधे नवं बिल्ड चढवलं म्हणून मोजणी पहिल्यापासून होत नाही. उलट चढवावंच, दर वेळी व्हर्जन कोड (बिल्डचा अनुक्रमांक) वाढवून. न वाढवलेला कोड प्ले कन्सोल, म्हणजे ॲप चढवायची गूगलची साइट, घेत नाही.

नवं बिल्ड चढवायचं कारण, अर्जात विचारतात: टेस्टरांनी ॲप कसं वापरलं, काय सांगितलं, तुम्ही काय बदललंत. पुण्यात अभिप्रायाचा तुटवडा नाही. तो ॲपपुरता राहत नाही, इतकंच. "अक्षर बारीक आहे" यापाठोपाठ "टँकरवाला अर्धाच भरून आणतो" हेही येतं. पहिलं वहीत तारखेसह उतरवावं, दुसरं सेक्रेटरींकडे पाठवावं. चौदाव्या दिवशी आठवून लिहिलेलं 'सगळ्यांना ॲप आवडलं' हे वाक्य अर्ज परत यायला पुरेसं आहे. उत्तर सहसा सात दिवसांच्या आत येतं.

त्याच अर्जात आणखी एक प्रश्न असतो: टेस्टर मिळवणं तुम्हाला किती सोपं गेलं? पर्यायांत 'अति अवघड'ही आहे. चहाचा हिशोब लिहायला मात्र रकाना नाही.